रिकवुड फील्ड : एक मैदान आणि दोन बॅरन्स



आज आपण एका मैदानाबद्दल बोलणार आहोत. मैदान अमेरिकेतलं, खेळ बेसबॉल, आणि संघही पहिल्या फळीतले नाहीत. तेव्हा तुमच्यापैकी काहींच्या मनात आलं असेल, की हे आपल्याला कशाला? दहा मिनिटं धीर धरा. खेळाचे नियम फारसे कळले नाहीत तरी चालेल. मैदानात बसायचं कुणी, कुठे बसायचं आणि कुणाबरोबर खेळायचं, हे नियम मात्र आपल्याला लगेच कळतील. दुर्दैवाने ते आपल्या चांगल्याच ओळखीचे आहेत.

मैदानाचं नाव रिकवुड फील्ड. अमेरिकेच्या दक्षिणेत अलाबामा नावाचं राज्य आहे, त्यात बर्मिंगहॅम शहर, आणि त्या शहराच्या पश्चिम भागात हे मैदान. १८ ऑगस्ट १९१० ला ते सुरू झालं आणि आजही उभं आहे. व्यावसायिक बेसबॉलचं अमेरिकेतलं सगळ्यात जुनं मैदान म्हणून ते ओळखलं जातं. बॉस्टनचं प्रसिद्ध फेनवे पार्क १९१२ चं आणि शिकागोचं रिग्ली फील्ड १९१४ चं. म्हणजे रिकवुड या दोघांहून थोरलं. पण ती दोन्ही मोठ्या संघांची मैदानं, म्हणून जगाला माहीत. रिकवुड हे मायनर लीगचं.

मायनर लीग म्हणजे काय, ते आधी थोडक्यात बघू. अमेरिकेत बेसबॉलची एक वरची पायरी आहे, तिला मेजर लीग म्हणतात. तिच्याखाली पायऱ्या-पायऱ्यांनी लहान शहरांचे संघ असतात. होतकरू पोरं तिथे तयार होतात, त्यातली थोडी वर जातात, बाकीची तिथेच संपतात. सुरुवातीला हे लहान संघ बरेचसे स्वतंत्र होते, नंतर मोठ्या संघांनी ते आपल्याशी बांधून घेतले. लहान शहरातल्या माणसाला मात्र मोठा संघ रोज बघायला मिळत नसे. त्याचा खरा संघ हाच. संध्याकाळी कारखान्यातून सुटायचं आणि मैदानावर जायचं.

आणि बर्मिंगहॅम हे कारखान्यांचंच गाव. १८७१ मध्ये वसवलेलं, म्हणजे अमेरिकेच्या मानानेही तरुण. लोखंड करायला तीन गोष्टी लागतात : लोहखनिज, कोळसा आणि चुनखडी. या तिन्ही तिथे अगदी जवळजवळ सापडतात. त्यामुळे गाव इतक्या झपाट्याने वाढलं, की लोक त्याला 'जादूचं शहर' म्हणू लागले. भट्ट्या, खाणी, ओतशाळा. आसपासच्या शेतांवरून गोरे आणि काळे, दोघेही मजूर म्हणून इथे आले. कारखान्यांचे स्वतःचे बेसबॉल संघ असत, आणि तेही गोऱ्यांचे वेगळे, काळ्यांचे वेगळे.

अशा एका लोखंडाच्या घराण्यातला माणूस म्हणजे रिक वुडवर्ड. त्याने बर्मिंगहॅमचा संघ घेतला. संघाचं नाव बॅरन्स, आधीचं रूप 'कोल बॅरन्स', म्हणजे कोळशाचे सरदार. वुडवर्डला लाकडी फळ्यांचं मैदान नको होतं. तेव्हाची बहुतेक मैदानं लाकडी असायची आणि जळायचीही. १९०९ मध्ये फिलाडेल्फियात शाइब पार्क आणि पिट्सबर्गमध्ये फोर्ब्स फील्ड ही पोलाद आणि काँक्रीटची दोन मैदानं झाली होती. वुडवर्डने ती नजरेसमोर ठेवली, आणि फिलाडेल्फियाचे नामवंत व्यवस्थापक कॉनी मॅक यांचा सल्ला घेतला. खर्च साधारण ७५,००० डॉलर. मायनर लीगसाठी असं पक्कं मैदान बांधलं जाण्याची ही पहिलीच वेळ. नाव लोकांकडूनच मागवलं होतं. रिक आणि वुडवर्ड जोडून झालं रिकवुड.

उद्घाटनाला दहा हजारांवर माणसं आली. गावातले धंदे त्या दुपारी बंद. समोरचा संघ माँटगोमेरीचा होता आणि बर्मिंगहॅमने सामना ३-२ असा जिंकला. पहिला चेंडू स्वतः मालकाने टाकला. नुसता मान म्हणून नव्हे, चालू सामन्यातला खराखुरा पहिला चेंडू! हौस अशी असते बघा. माँटगोमेरीचं नाव लक्षात ठेवा, शेवटी ते पुन्हा येणार आहे.

आता मैदानात एक फेरी मारू. दर्शनी भाग १९२८ चा, स्पॅनिश मिशन धर्तीचा. आत गेलं की छपराखालचा मोठा स्टँड. छप्पर पोलादी खांबांवर उभं, त्यामुळे काही जागांवरून खेळाडूपेक्षा खांबच जास्त दिसतो. आजच्या मैदानांत असे खांब नसतात. पण याच खांबांमुळे छप्पर आणि माणसं खेळाच्या इतकी जवळ आणता आली, हेही खरं. दिवे आले १९३६ मध्ये. पोलादी मनोरे छपरावरून पुढे झुकलेले, जणू मैदानात काय चाललंय ते वाकून बघतायत. रिकवुडचा फोटो ओळखायचा तर या वाकलेल्या मनोऱ्यांवरून. मैदानाच्या टोकाला काँक्रीटची जुनी भिंत आहे. मूळचं मैदान इतकं प्रशस्त, की पुढे अलीकडे दुसरं कुंपण घालावं लागलं. म्हणून आज दोन सीमा दिसतात, एक खेळायची आणि तिच्यामागे एक जुन्या काळातली. हाताने आकडे लावायचा धावफलकही आहे. पण तो मूळचा नव्हे, १९९४ च्या 'कॉब' या चित्रपटासाठी जुन्या धर्तीवर केलेला आणि मग तिथेच राहिलेला.

आता एक गोष्ट जी तुम्हाला आज दिसणार नाही. उजव्या बाजूला, खेळापासून लांब, उघड्यावर काही बाक होते. छप्पर नाही, ऊन थेट अंगावर. बॅरन्सचा सामना असला की काळ्या प्रेक्षकांनी बसायचं ते तिथे. तिकीट काढायचं, पैसे मोजायचे, आणि उन्हात बसून लांबून बघायचं. आज ते बाक नाहीत.

पण हे मैदान फक्त गोऱ्या बॅरन्सचं नव्हतं. १९२० मध्ये काळ्या खेळाडूंचा एक संघ उभा राहिला, त्याचं नाव ब्लॅक बॅरन्स. मेजर आणि मायनर, दोन्हीकडे काळ्यांना दार बंद होतं, म्हणून त्यांनी आपल्या वेगळ्या लीग काढल्या. त्यांना 'नीग्रो लीग' म्हणत. गोरे बॅरन्स दौऱ्यावर गेले, की ब्लॅक बॅरन्स भाडं देऊन रिकवुड घ्यायचे. त्या दिवशी सगळं उलटं. छपराखालच्या चांगल्या जागा काळ्या प्रेक्षकांच्या, आणि बघायला आलेल्या गोऱ्यांसाठी एक वेगळा राखीव कोपरा. तेच गवत, तेच छप्पर, तेच खांब. रविवारी लोक चर्चमधून निघून त्याच ठेवणीतल्या कपड्यांत मैदानावर येत. आठवडाभर भट्टीसमोर घाम गाळणाऱ्या माणसाला त्या एका दुपारी मैदानाच्या मधोमध सावलीत बसता येई. हे लहानसं वाटेल, पण ज्याला रोज कडेला बसवलं जातं त्याला विचारा.

आणि खेळ? खेळ अव्वल दर्जाचा. १९२७ पासून काही हंगाम इथे सॅचेल पेज गोलंदाजी करत होता. बेसबॉलच्या इतिहासातल्या सर्वोत्तम पिचर्समध्ये त्याचं नाव घेतलं जातं. ब्लॅक बॅरन्सनी १९४३, १९४४ आणि १९४८ मध्ये आपली लीग जिंकली. गोऱ्या बॅरन्सचेही मोठे दिवस होते, नाही असं नाही. १९३१ च्या डिक्सी सीरिजमध्ये त्रेचाळीस वर्षांच्या रे कॉल्डवेलने ह्यूस्टनच्या तरण्याबांड डिझी डीनला १-० असं हरवलं. बघायला वीस हजारांहून अधिक लोक होते. बर्मिंगहॅमची जुनी माणसं तो सामना कित्येक वर्षं सांगत राहिली.

याच काळात बॅरन्सच्या सामन्यांचं रेडिओवर वर्णन करणारा एक निवेदक होता. संघ बाहेरगावी असला की तारेवरून त्रोटक मजकूर यायचा. हा गडी त्यावरून स्टुडिओत बसून सगळा सामना रंगवायचा. समोर काहीच नसताना लोकांना सगळं दिसेल असं बोलायचा. लोकप्रिय झाला आणि त्या लोकप्रियतेवर १९३४ मध्ये राज्याच्या विधिमंडळात निवडून गेला. नाव यूजीन 'बुल' कॉनर. पुढे शहराचं पोलीस आणि अग्निशमन खातं त्याच्या हाती आलं. मे १९६३ मध्ये नागरी हक्कांसाठी रस्त्यावर उतरलेल्या शाळकरी मुलांवर पोलिसांचे कुत्रे आणि बंबाचे फवारे सोडणारा तो हाच. त्या फोटोंनी जग हादरलं. आपण क्रूरपणाचा उगम नेहमी कुठेतरी अंधारात शोधतो. हा माणूस मात्र गावाच्या करमणुकीतून, लाडक्या आवाजातून वर आला होता.

आता १९४८ कडे येऊ. जॅकी रॉबिन्सन १९४७ मध्ये मेजर लीगमध्ये उतरला होता. दार किलकिलं झालं होतं. बर्मिंगहॅमजवळच्या गिरणगावातला एक पोरगा ब्लॅक बॅरन्समध्ये आला, वय सोळा. शाळा चालू, म्हणून सुरुवातीला सुट्टीच्या दिवशीच खेळायचा. त्याचं नाव विली मेज. संघाचा कर्णधार-व्यवस्थापक पायपर डेव्हिस त्याच्या वडिलांच्या ओळखीतला. मेज नंतर एक किस्सा सांगायचा. एकदा चेंडू जोरात लागून तो खाली पडला. डेव्हिस जवळ आला आणि म्हणाला, पहिला बेस दिसतोय ना? मग ऊठ, तिथे जा, आणि तिथून दुसरा बेस चोर. कुरवाळणं नाही. बाहेर जे वाढून ठेवलंय त्याची तयारी करून घेणं, ही त्या माणसांची माया.

त्या वर्षी ब्लॅक बॅरन्स नीग्रो वर्ल्ड सीरिजच्या अंतिम मालिकेत पोहोचले. समोर होमस्टेड ग्रेज. ग्रेजनी मालिका ४-१ अशी जिंकली. बर्मिंगहॅमने जिंकलेल्या त्या एकमेव सामन्यात पिचर होता बिल ग्रीसन आणि विजयी फटका होता मेजचा. ती अशी शेवटची मालिका ठरली, पुन्हा कधी झाली नाही.

याच वर्षी गोरे बॅरन्स हे बॉस्टन रेड सॉक्सचे संलग्न संघ होते. म्हणजे रेड सॉक्सची माणसं याच मैदानात वावरत होती. पुढे बेसबॉलच्या सर्वकाळच्या थोरांत ज्याची गणना झाली, तो मुलगा त्यांच्याच मैदानावर खेळत होता. त्यांनी त्याला घेतलं नाही. १९५० मध्ये जायंट्सनी घेतलं. रेड सॉक्सने पहिला काळा खेळाडू मेजर लीगच्या संघात उतरवला तो १९५९ मध्ये, सगळ्या संघांत शेवटी. भेदभाव करणाऱ्याचंही नुकसान होतं, हे आपण भाषणात नेहमी ऐकतो. त्याचा हा रोकडा हिशोब.

बर्मिंगहॅम शहराने तर हे कायद्यातच लिहून ठेवलं होतं. नगर नियमावलीचं कलम ५९७. गोऱ्या आणि काळ्या माणसाने एकत्र पत्ते, फासे, डॉमिनो, चेकर्स खेळणं गुन्हा, आणि १९५० पासून बेसबॉल, फुटबॉल, बास्केटबॉलही. विचार करा, सोंगट्यांच्या पटावर समोरासमोर बसणंसुद्धा गुन्हा! १९५४ मध्ये मेजर लीगच्या प्रदर्शनी सामन्यांसाठी ही अट थोडी सैल केली गेली, तर त्याच वर्षी मतदारांनी सार्वमत घेऊन ती पुन्हा घट्ट केली. बॅरन्स ज्या लीगमध्ये होते त्या सदर्न असोसिएशनमध्येही हेच. तिच्या सगळ्या इतिहासात एकच काळा खेळाडू उतरला. अटलांटाचा नॅट पीपल्स, १९५४ मध्ये, फक्त दोन सामने. बदलायचं नाही म्हणून अडून बसलेली ही लीग १९६१ च्या हंगामानंतर बंदच पडली. १९६२ आणि १९६३ या दोन वर्षांत रिकवुडवर बॅरन्सचा संघच नव्हता. पलीकडे ब्लॅक बॅरन्सही मावळत होते. चांगले खेळाडू मेजर लीगकडे गेले, त्यांच्यामागे प्रेक्षकही गेले. दार उघडलं हे न्याय्यच झालं. पण दार बंद असताना ज्यांनी आपल्या हिमतीवर संघ उभे केले, त्या काळ्या मालकांना आणि व्यवस्थापकांना मेजर लीगने आत बोलावलं नाही. फक्त खेळाडू घेतले. बेरीज मांडताना ही वजाबाकी विसरू नये.

१९६३ हे बर्मिंगहॅमचं भीषण वर्ष. मे महिन्यात ते फवारे, आणि सप्टेंबरमध्ये सोळाव्या रस्त्यावरच्या बॅप्टिस्ट चर्चमधला बाँबस्फोट, ज्यात चार मुली गेल्या. मधल्या जुलैमध्ये शहराने विभक्ततेचे कायदे रद्द केले होते. पुढच्या वसंतात, १९६४ मध्ये, बॅरन्स परत आले. या वेळी संघात काळे आणि गोरे एकत्र, आणि स्टँडमध्येही. हा संघ आणला कॅन्सस सिटी अ‍ॅथलेटिक्सचे मालक चार्ली फिनली यांनी, जे लहानपणी याच भागात वाढले होते. म्हणजे सगळं गोड झालं का? नाही. १९६७ मध्ये इथे रेजी जॅक्सन खेळला, पुढचा मोठा तारा. २०२४ मध्ये याच मैदानावर, थेट प्रक्षेपणात, त्याने ते दिवस सांगितले. खानावळीत आत घेत नसत, हॉटेलात खोली देत नसत, संघातल्या गोऱ्या मित्रांच्या घरी झोपावं लागे, तर त्या मित्रांनाही धमक्या. पुन्हा त्यातून जायला सांगाल तर नको, असं तो स्पष्ट म्हणाला. उत्सवाच्या दिवशी एवढं कडू बोलायला धैर्य लागतं. पाठ्यपुस्तकात कायदा रद्द झाल्याची तारीख असते, खानावळीच्या दारात काय झालं ते मात्र माणसांनीच सांगावं लागतं.

इथे आपल्याकडची एक आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. पालवणकर बाळू, चांभार समाजातला पुण्यात घडलेला गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले. पुण्यात त्याच्या सवर्ण सहकाऱ्यांना त्याची गोलंदाजी चालायची, पण चहा त्याला बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. मुंबईत तर क्रिकेटच धर्मावर वाटलेलं होतं : हिंदू, पारशी, मुसलमान, युरोपियन. जात आणि वंश एकच नव्हेत, इतिहासही वेगळे आहेत, सरसकट जुळणी करू नये. पण खुद्द डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिलं होतं, आणि १९७२ मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने नाव घेतलं ते अमेरिकेच्या ब्लॅक पँथरवरून. तेव्हा आपली माणसं तिकडे आधीपासूनच बघत होती.

आता मैदान वाचलं कसं? ज्यांच्यावरून रिकवुड बांधलं ती दोन्ही मैदानं गेली. फोर्ब्स फील्ड १९७१ मध्ये पाडलं आणि शाइब पार्क १९७६ मध्ये. बॅरन्सही १९८७ च्या हंगामानंतर हूवर या उपनगरातल्या नव्या मैदानावर गेले. मायकेल जॉर्डन १९९४ मध्ये बॅरन्सकडून बेसबॉल खेळला, तोही तिथेच, रिकवुडवर नव्हे. रिकाम्या रिकवुडचं काय होणार हे उघड होतं. पण १९९२ मध्ये गावातल्या काही लोकांनी 'फ्रेंड्स ऑफ रिकवुड' अशी संस्था काढली. वर्गणी, डागडुजी, रंग. १९९३ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदीत नाव आलं. १९९६ पासून बॅरन्स वर्षातला एक सामना जुन्या धर्तीचा गणवेश घालून इथे खेळू लागले. '४२' हा जॅकी रॉबिन्सनवरचा चित्रपटही इथे चित्रित झाला.

आणि मग जून २०२४. मेजर लीगने ठरवलं, की हंगामातला एक अधिकृत सामना इथे घ्यायचा, जायंट्स विरुद्ध कार्डिनल्स. अलाबामात असा सामना पहिल्यांदाच. गवत नव्याने घातलं, खेळाडूंच्या बसायच्या जागा वाढवल्या. त्याच्या आदल्या महिन्यात नीग्रो लीगचे आकडे मेजर लीगच्या अधिकृत नोंदीत धरले गेले होते. मेजच्या खात्यात १९४८ चे दहा फटके जमा झाले आणि एकूण ३,२८३ चे ३,२९३ झाले. शहात्तर वर्षांनी! आपल्याला प्रवास झेपणार नाही, असं मेजने कळवलं. १८ जूनला रिकवुडवर मायनर लीगचा सामना चालू होता, बर्मिंगहॅम आणि माँटगोमेरी, म्हणजे १९१० मधलीच जोडी. त्या सामन्यातच बातमी आली, विली मेज गेले. वय ९३. सगळं मैदान उठून उभं राहिलं आणि टाळ्या वाजवू लागलं.

दोन दिवसांनी मोठा सामना झाला. कार्डिनल्सनी ६-५ असा जिंकला. पंचांचा संपूर्ण चमू काळा असण्याची मेजर लीगच्या इतिहासातली ती पहिली वेळ. आणि मानाचा पहिला चेंडू टाकला ९९ वर्षांच्या रेव्हरंड बिल ग्रीसन यांनी. हो, १९४८ चा तोच पिचर, जो पुढे याच शहरात धर्मगुरू झाला. १९१० मध्ये पहिला चेंडू मालकाने टाकला होता, ११४ वर्षांनी टाकला तो ज्याला गोऱ्यांबरोबर खेळण्याची एकेकाळी बंदी होती त्याने.

शेवटी एक प्रश्न, आणि तो आपल्यालाही लागू आहे. जुनी वास्तू जतन करताना आपण छप्पर दुरुस्त करतो, खांब रंगवतो, फलक पुन्हा बसवतो. ते उजव्या बाजूचे उघडे बाक मात्र कुणी पुन्हा उभारत नाही. उभारावेत असंही आमचं म्हणणं नाही. पण सुंदर हिरवं मैदान बघून आलेल्या माणसाला ते बाक कुठे होते, हे कुणीतरी बोटाने दाखवलं पाहिजे. आपल्या गावात अशा किती जागा आहेत, जिथला पार राहिला, विहीर राहिली, आणि तिथे कुणाला उभं राहू देत नव्हते ते तेवढं पुसलं गेलं? गावातली म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांना विचारून घ्या. रिकवुडला सांगणारा ग्रीसन नव्व्याण्णवव्या वर्षी सापडला. प्रत्येक गावाचं नशीब तेवढं चांगलं असेलच असं नाही.

इथे थांबू.